ताप आधी की पुरळ आधी?

प्रश्न : मुलगी १४ महिन्यांची, वजन १० किलो. चार दिवस ताप, सर्दी, खोकला, डोळे लाल. आज कानामागे आणि कपाळावर लाल पुरळ उठलं. नवव्या महिन्यात गोवराची लस दिली होती. सासूबाई म्हणतात गोवरच आहे, अंघोळ घालू नको, घरात फोडणी देऊ नको. मेडिकलवाल्याने अ‍ॅलर्जीचं औषध दिलं. खरं काय?
– एक आई, सोलापूर

उत्तर : सासूबाईंचा अंदाज बरोबर दिसतो, पथ्य मात्र सोडून द्या. अ‍ॅलर्जीच्या गांध्या खाजतात, तासाभरात जागा बदलतात आणि त्याआधी चार दिवस ताप नसतो. गोवराचं पुरळ कानामागून, केसांच्या कडेने सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत तोंडावरून छाती, पोट, पाय असं खाली उतरतं. पुरळ उठलं तरी ताप उतरत नाही, उलट चढतो. सावळ्या अंगावर लाली नीट दिसत नाही. दिवसाउजेडी पाहा, हाताने खरखरीत लागतं का ते बघा. गालाच्या आत, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर शंका जवळजवळ उरत नाही, पण पुरळ आल्यावर ते एक-दोन दिवसांतच जातात.

एक डोस झाला म्हणून गोवर होणारच नाही, असं नाही. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो तो यासाठीच.

आजच डॉक्टरांकडे न्या आणि ‘गोवर असावा’ असं आत शिरण्याआधीच सांगा, म्हणजे बाकीच्या बाळांमध्ये बसावं लागणार नाही. पुरळाच्या आधीचे चार आणि नंतरचे चार दिवस हा आजार पसरतो. तिच्या वयाला ‘अ’ जीवनसत्त्वाचा २ लाख युनिटचा डोस आज आणि तेवढाच उद्या देतात. डोळे वाचवण्यासाठी तो महत्त्वाचा. याआधी कधी दिला होता ते सांगा, पण डोस घरी स्वतः देऊ नका.

तापाला पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे तिला १५० मिलिग्रॅम. दोन डोसांत किमान सहा तास. घोटाळा बाटलीत होतो. ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ३ मिली. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, तिथे दीडच मिली. थेंबांचं औषध चमच्याने पाजलं की डोस तिपटीवर जातो.

कोमट पाण्याने अंघोळ घाला. दूध, वरणभात, नेहमीचं सगळं द्या. उपाशी पोराला गोवर जास्त छळतो. ती झोपलेली असताना पूर्ण मिनिटभर श्वास मोजा. ४० किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, पाणी पीत नसेल, झटका आला, जागी होत नसेल, तर थेट रुग्णालय. ताप उतरून पुन्हा चढला तरी न्यूमोनियाचा संशय घ्यायचा.

पुरळावर काचेचा पेला दाबून पाहा. ताजं पुरळ काचेखाली फिकं पडतं. ताप आहे आणि लाल-जांभळे ठिपके तसेच राहतात, तर त्वचेखाली रक्त उतरलेलं असू शकतं; तिथे सकाळची वाट बघायची नाही. (गोवराचं पुरळ जुनं होताना तपकिरी पडतं, तेही पेल्याखाली जात नाही. म्हणून ही तपासणी पहिल्या दिवशीच.)

प्रश्न : कांजिण्या झालेल्या मुलाला शाळेत कधी पाठवावं?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : शेवटच्या फोडावर खपली धरली की. पुटकुळी, पाण्याचा फोड, खपली हे तिन्ही एकाच वेळी अंगावर असतात, तीच कांजिण्यांची ओळख. हाता-पायांच्या तळव्यांवर आणि तोंडात फोड, छातीपोट मोकळं, असं असेल तर तो बहुधा हात-पाय-तोंडाचा आजार, कांजिण्या नव्हेत. तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, आयब्युप्रोफेनही टाळा.