हिवाळा बोटीवर

प्रश्न : मुलाने स्पेनमध्ये अकरा मीटरची शिडाची बोट घेतली आहे. नोव्हेंबर ते मार्च आम्ही दोघांनी कार्ताहेनाच्या बंदरात तिच्यावरच राहावं, असा त्याचा आग्रह आहे. थंडी सोसेल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, जरूर जा. त्याच बंदरात मी एक हिवाळा बोटीवर काढलाय. दुपारी ऊन छान असतं. थंडीपेक्षा ओल छळते. समुद्राचं पाणी चौदा-पंधरा अंशांवर, म्हणून बोटीची भिंत गार. आपला श्वास, भाताची वाफ, सगळं तिच्यावर थेंब होऊन बसतं. डिसेंबरात एका सकाळी गादी उचलली, तर खालची फळी ओलीचिंब आणि कडेने काळी बुरशी! तेव्हापासून गादीखाली लाकडी पट्ट्या ठेवल्या, कुकर लावला की वरची झडप उघडायची, आणि हवा कोरडी करणारं यंत्र किनाऱ्यावरच्या विजेवर दिवसभर चालू. गॅस पेटवून ऊब मात्र घेऊ नका. त्यातूनही वाफच निघते, आणि बंद केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो. त्याचा अलार्म पहिल्या दिवशीच बसवा.

पूर्वेचा लेव्हांते वारा सुटला की बोट बांधलेले दोर रात्रभर कण्हतात. घासतात तिथे जुन्या पाइपचा तुकडा चढवा.

व्हिसाचं आधी बघा. शेंगेनच्या, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक, पर्यटक व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. पाच महिने बसत नाहीत. स्पेनचा दीर्घ मुदतीचा व्हिसा काढा, नाहीतर नव्वद दिवस भरायच्या आतलं परतीचं तिकीट ठेवा. आणि १९८८ साली सापडलेलं रोमन नाट्यगृह बंदरापासून चालत गाठता येतं, तिथे दुपारच्या उन्हात जाऊन बसा.