मिनॉक्सिडिल लावायला लागल्यापासून केस जास्तच गळतायत, बंद करू का?

ताई, बंद करू नका. निदान आत्ता तरी नाही.

तुम्ही लिहिलंय की वय 43, भांग वर्षभरात रुंद झालाय, स्किनच्या डॉक्टरांनी 2 टक्क्यांचं मिनॉक्सिडिल (टाळूला लावायचं केस वाढवायचं औषध) दिलंय, तीन आठवडे झाले आणि कंगव्यात आधीपेक्षा दुप्पट केस येतायत. बीपीची गोळी चालू आहे. घरातले म्हणतात, ‘हे औषध आयुष्यभर लावावं लागतं, सोड ते, तेल लाव.’ आणि शेवटी विचारलंय की अकरावीतल्या मुलीचेही केस गळतात, तिला तीच बाटली चालेल का. मी फार्मासिस्ट आहे, मेडिकलचं दुकान चालवते, आणि गेली काही वर्षं हे औषध स्वतःही लावते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी गळण्याचं. आपला प्रत्येक केस साधारण 2 ते 6 वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता बसून राहतो आणि गळतो. मिनॉक्सिडिल या बसून राहिलेल्या मुळांना वेळेआधीच पुन्हा कामाला लावतं. खालून नवा केस निघाला की वरचा जुना सुटतो, नवा दात दुधाच्या दाताला ढकलतो तसा. म्हणजे आत्ता कंगव्यात येतायत ते बरेचसे केस तसेही महिन्या-दोन महिन्यांत जाणारच होते, ते एकदम जातायत. हे सहसा दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात होतं आणि मग ओसरतं. तीन महिने उलटले तरी थांबलं नाही, किंवा मध्येच रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, तर मात्र डॉक्टरांकडे परत जा.

आमच्या काउंटरवर पहिली बाटली नेणाऱ्या बायका खूप असतात. दुसरी न्यायला येणाऱ्या बऱ्याच कमी. औषधाचं काम नुकतं सुरू झालेलं असतं आणि नेमकं तेव्हाच ते सुटतं. चार महिन्यांच्या आत डोळ्याला काही दिसेल अशी अपेक्षाच ठेवू नका. खरा अंदाज सहा महिन्यांनी येतो, पूर्ण परिणाम वर्षाने. तोवर गळलेले केस मोजत बसू नका, त्याने फक्त झोप जाते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, केस कोरडे असताना भांगाचा फोटो काढून घ्या.

गुण सगळ्यांनाच येतो असं नाही. हे औषध टाळूतल्या एका एन्झाइममुळे ‘जागं’ होतं, आणि ते एन्झाइम प्रत्येकीत सारखं नसतं. ज्यांना गुण येतो त्यांनाही विशीतली वेणी परत मिळत नाही. विरळ होणं थांबतं, भांग थोडा भरतो, बारीक झालेले केस जरा जाड होतात. मला याचं समाधान आहे. तुम्हाला पुरेल का, ते तुम्ही ठरवा.

आता तुमच्या बीपीच्या गोळीचं. मिनॉक्सिडिल मुळात बीपीचंच औषध. अमेरिकेत 1979 साली त्याची गोळी आली, आणि ती घेणाऱ्यांच्या कपाळावर, हातांवर केस उगवायला लागले म्हणून ते डोक्याला लावायची कल्पना निघाली. पुरुषांसाठी 1988 मध्ये आणि बायकांसाठी 1991 मध्ये तिथे मान्यता मिळाली. लावलेल्या औषधातलं साधारण 1 ते 2 टक्केच रक्तात जातं, म्हणून बहुतेकींना काही होत नाही. पण तुमची गोळी स्किनच्या डॉक्टरांना सांगितली होती का? नसेल तर फोन करून सांगा. चक्कर, छातीत धडधड, पायांवर सूज असं काही वाटलं तर लावणं थांबवा आणि दाखवा. जखम किंवा खाजवून सोललेल्या टाळूवर लावायचं नाही, तिथून जास्त शोषलं जातं.

लावण्याच्या पद्धतीतच अर्धे घोटाळे होतात. 1 मिली सकाळी, 1 मिली रात्री, ड्रॉपरवर खूण असते. 60 मिलीची बाटली बरोबर महिनाभर जायला हवी. दोन महिने पुरत असेल तर तुम्ही अर्धंच लावताय, आणि पंधरा दिवसांत संपली तर दुप्पट. जास्त लावून केस लवकर येत नाहीत, चेहऱ्यावर लव मात्र येते. औषध केसांवर नाही, कातडीवर पोचायला हवं. भांग पाडा, रेघेवर थेंब सोडा, शेजारी दुसरा भांग, पुन्हा थेंब. टाळू कोरडी हवी. नंतर चार तास केस धुवू नका, हात मात्र लगेच धुवा. रात्री झोपायच्या दोन तास आधी लावा, नाहीतर उशीला लागून गालावर येतं. घरात मांजर असेल तर विशेष जपा, हे औषध मांजरीला थोडंसं चाटण्यातूनही जिवावर बेतू शकतं.

टाळूला खाज सुटली, कोंड्यासारखं निघायला लागलं, तर बरेचदा दोष द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉल या घटकाचा असतो. फोममध्ये, म्हणजे फेसाच्या रूपात मिळणाऱ्या औषधात, ते नसतं. 5 टक्क्यांचा फोम बायकांसाठी दिवसातून एकदाच असतो आणि त्याचा परिणाम 2 टक्के दोनदा लावण्याइतकाच आढळलाय. महाग पडतो, पण सकाळच्या घाईत डोकं ओलं करायची कटकट वाचते.

बाटली घेताना लेबल स्वतः वाचा, ही माझी कळकळीची विनंती. मिनॉक्सिडिलमध्ये फिनास्टेराइड (पुरुषांच्या केसगळतीचं दुसरं औषध) मिसळलेल्या बाटल्या सर्रास मिळतात आणि नावं एका अक्षराच्या फरकाची असतात. त्या पुरुषांसाठी आहेत. गर्भात मुलगा असेल तर फिनास्टेराइडने त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीत दोष राहू शकतो. पाळी अजून बंद न झालेल्या बाईने ते स्वतःच्या मनाने लावायचंच नाही. साधं मिनॉक्सिडिलही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना बंद.

आयुष्यभराचं म्हणाल, तर हो. सोडलं की तीन-चार महिन्यांत मिळवलेलं जातं. मात्र ‘सोडल्यावर आधीपेक्षा वाईट होतं’ हे खरं नाही. न लावता जिथे असता तिथे पोचता, इतकंच. बीपीची गोळी आपण मुकाट रोज घेतो, केसांच्या बाबतीतच ‘कायमचं’ ऐकून का दचकतो, हे मला कळलेलं नाही.

तेल लावा की! खोबरेल केसाच्या काडीला चांगलं, न्हाण्याच्या आदल्या रात्री लावा. पण मुळातून बारीक होत चाललेला केस तेलाने जाड होत नाही. जास्वंद, माका यांचंही तेच. कांद्याच्या रसाचं जे फिरतं त्याच्या मुळाशी चाईवरचा एक छोटा अभ्यास आहे, आणि चाई हा वेगळाच, गोल चट्टे पडून केस जाण्याचा आजार. केसांसाठी बायोटिनची (एका जीवनसत्त्वाची) गोळी घेत असाल तर थायरॉइडचं रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवा, तिने रिपोर्ट चुकतात.

तुमचा भांग रुंद झालाय आणि कपाळावरची केसांची रेघ तशीच आहे, त्यामुळे हे बायकांमध्ये भांगातून केस विरळ होत जाण्याचं दुखणं आहे, हे डॉक्टरांचं निदान पटण्यासारखं आहे. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड पाहिलं नसेल तर पाहून घ्या. लोह कमी असताना नुसती बाटली ओतून उपयोग नाही.

मुलीला ही बाटली देऊ नका. हे औषध 18 वर्षांखालच्यांसाठी नाही, आणि तिचं कारण बहुधा दुसरंच असेल. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंगी, टायफॉइड असा ताप आला होता का? डबा तसाच परत येतो का, बारीक व्हायचं म्हणून जेवण सोडलंय का? असं काही असेल तर केस सगळीकडून सारखे गळतात आणि सहाएक महिन्यांत आपोआप भरून येतात. रोज घट्ट पोनी बांधत असेल तर कानशिलाजवळचे केस बघा. आणि पाळी दोन-दोन महिने येत नसेल, हनुवटीवर राठ केस, मुरमं असतील, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. तिथे पीसीओएस (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार) निघालं तर उपचार त्याचे करायचे.