जळगावला लग्नासाठी येतोय, एक दिवस मोकळा आहे. अजिंठा दोनदा बघून झालाय. बऱ्हाणपूरचा आहुखाना आणि तिथला जुना हौद बघण्यासारखा आहे का? त्यात पाणी असतं का?

आहुखाना म्हणजे मुघलांची हरणं ठेवायची बाग. मी गेलो तेव्हा तिथल्या हौदात पाणी नव्हतं, गवत होतं. तरीही जा. तिसऱ्यांदा अजिंठ्याच्या त्याच पायऱ्या चढून काय वेगळं दिसणार आहे?

मी रावेरकडचा. आमच्यासाठी बऱ्हाणपूर हे परराज्य नाही, बाजाराचं गाव आहे. लग्नाचा बस्ता, दवाखाना, सगळं तिकडेच. खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी तीच आणि १६०१ मध्ये जवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती गेल्यावर खानदेश सुभ्याचा कारभारही तिथूनच चालला. पुढे इंग्रजांनी जिल्हे आखले तेव्हा ते निमाडात गेलं, म्हणून आज मध्य प्रदेश. हे सगळं माहीत नसताना "खानदेशात केळी आणि ऊन सोडून आहे काय?" असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. हे वाक्य आमच्या पुण्याच्या साडूंचं. उत्तर लांबणार आहे ते त्यांच्यामुळेच.

दिवाळीत सगळे आमच्याकडे जमले होते. गाडी ठरवून बऱ्हाणपूरला गेलो. वाटेत मी मुमताजचं सांगितलं, ते सांगायला नको होतं असं बायको अजून म्हणते. मुमताज बऱ्हाणपुरातच गेली, १७ जून १६३१ ला, चौदाव्या बाळंतपणात. तापीच्या पलीकडे जैनाबादच्या याच बागेत तिला आधी पुरलं आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेलं. साडूंनी एवढं ऐकलं आणि मनात संगमरवर धरून बसले. गाडीतून उतरल्यावर समोर पडकी इमारत, भोवती शेतं, मध्ये कोरडा हौद.

"हा खड्डा दाखवायला आणलंत होय? आमच्या सारसबागेतलं तळं बघा एकदा."

आता मी कशाला ऐकून घेतो! म्हटलं, सारसबागेत तुम्ही जे बघता ते उरलंसुरलं आहे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी अख्खा तलाव करवला होता, मध्ये बेट ठेवलं होतं. १७८४ मध्ये त्या बेटावर गणपती बसला. नंतर तलाव गेला आणि बाग झाली. तुमचा आटवून त्यावर हिरवळ लावली, आमचा नुसताच आटला, फरक एवढाच. साडू म्हणाले, "पण आमचं स्वच्छ तरी आहे." यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. हौदात गुटख्याच्या पुड्या पडलेल्या दिसत होत्या.

त्यांच्या मुलीला मात्र औरंगजेबाची गोष्ट आवडली. शहजादा असताना तो दख्खनच्या सुभेदारीवर होता, तेव्हा याच बागेत हिराबाई नावाच्या गाणारणीनं उडी मारून झाडावरचा आंबा तोडला आणि हा तिच्यावर भाळला, अशी कथा मुघल चरित्रग्रंथात आहे. पोरगी आंब्याचं झाड शोधत फिरली. औरंगजेब आणि प्रेम म्हटल्यावर साडूंनीही कान टवकारले, हे मी बघितलं.

आमच्या आबांना यातल्या कशाचंच कौतुक नव्हतं. त्यांनी हौदाच्या काठानं एक चक्कर मारली आणि विचारलं, "पानी कुठून आनत व्हते रे?"

केळीवाला माणूस हेच विचारणार. आणि माझ्या मते विचारण्यासारखंही हेच आहे. बाकीचे फोटो काढून परत येतात. आहुखान्याचं नाही, पण नदीच्या अलीकडचं, शहराचं पाणी कुठून यायचं ते दाखवता येत होतं, म्हणून गाडी कुंडी भंडाऱ्याकडे वळवली.

शाळेत ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम, म्हणजे अब्दुर्रहीम खानखाना, इथला सुभेदार होता. १६१५ च्या सुमाराचं हे त्याच्या वेळचं काम. सातपुड्याच्या पायथ्याला मुरलेलं पाणी जमिनीखालून तापीकडे सरकत असतं. त्याच्या आडवा बोगदा खणला, बोगद्यावर ओळीनं विहिरी, त्याच कुंड्या, आणि नुसत्या उतारानं पाणी गावात आणलं. मोट नाही, पंप नाही, वीजबिल नाही. अशा आठ योजनांच्या खुणा बऱ्हाणपूरच्या आसपास सापडल्यात. लिफ्ट चालू असेल तर खाली उतराच. भिंतींवर क्षाराचे पांढरे थर आणि पायाशी वाहतं पाणी. आबा बराच वेळ वरच आले नाहीत. वर आल्यावर एवढंच म्हणाले, "आपला बोर सातशे फुटावर कोरडा, आन हे अजून व्हातंय."

डोंगर तोच, पायथाही तोच. रावेर-यावल पट्ट्यात पाऊस जेवढा मुरतो त्याहून उपसा जास्त आहे. मग सभा भरतात, तापीचं पाणी वळवून पुनर्भरण करण्याच्या योजनेवर भाषणं होतात, आणि दुसऱ्या दिवशी बोरची गाडी शेजारच्या शेतात उभी. असो.

खानखान्याची लालबाग हीसुद्धा पाण्याचीच बाग. विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० मध्ये इथून गेला. चार झाडांच्या मध्ये सावलीतलं चौकोनी छोटं तळं आणि भोवती भिंत, असं त्यानं लालबागेबद्दल लिहून ठेवलंय. आज बऱ्हाणपूरचं रेल्वे स्टेशन त्याच लालबागेकडे आहे, पण उतरणाऱ्यांना तिथे कधी तळं होतं याचा पत्ता नसतो.

फार भारावूनही जाऊ नका. मुमताज गेली ती वर्षं भीषण दुष्काळाची होती, १६३० ते ३२. शाहजहाननं बऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटले, असं त्याच्याच दरबारी इतिहासकारानं लिहिलंय. हौदावरच्या गोष्टी सांगणारे हे सांगत नाहीत.

आता तुमच्या कामाचं. भुसावळहून रेल्वेनं जा, रस्त्यानं वेळ मोडतो. स्टेशनवरून रिक्षा जाण्यायेण्याची ठरवा. जैनाबादला सोडून पळणारे असतात, पैसे परतल्यावर द्या. सकाळी आहुखाना, मग शाही किल्ल्यातला हमाम, म्हणजे स्नानगृह, त्याच्या छतावरची रंगीत नक्षी बघायला मान वर करून उभं राहायची तयारी ठेवा, आणि शेवटी कुंडी भंडारा. महाल गुलारा, म्हणजे उतावळी नदीकाठचे मुघल महाल, लांब आहे. नदीला पाणी असेल, बंधाऱ्यावरून धार पडत असेल, तरच जा. म्हणजे पावसाळ्यात. जेवण कसंही झालं तरी मावा जिलबी सोडू नका. साडूंनी दोनदा मागवली होती.

एप्रिल-मे मध्ये लग्न असेल तर आहुखान्याचा नाद सोडा, सावली नाही. पाणी बरोबर घ्या. लहान मुलं असतील तर हौदाच्या कडेला मोकळी सोडू नका. कातरलेली हिरवळ आणि स्वच्छताच हवी असेल तर बोहरी समाजाची दर्गा-ए-हकीमी आहे, साडूंना अख्ख्या बऱ्हाणपुरात तेवढंच पटलं.

आणि बरोबरच्या कुणी अजिंठा बघितलंच नसेल तर हे सगळं विसरा, त्यांना अजिंठ्यालाच न्या. सोमवारी मात्र नाही, लेणी बंद असतात.