मोपा गच्चीवरून दिसतं, लेक मात्र कोलकात्यात

प्रश्न : आमची मुलगी कोलकात्याला एअर ट्रॅफिक कंट्रोलर आहे, एरिया कंट्रोलमध्ये, म्हणजे वाटेत उंचावरून जाणारी विमानं सांभाळते. घर पेडण्यात, गच्चीवरून मोपाला उतरणारी विमानं दिसतात. बदलीचा अर्ज देऊन दोन वर्षं झाली. 'माणूस मिळाला की सोडतो' एवढंच उत्तर मिळतं. एका पुढाऱ्याचं पत्र मिळण्यासारखं आहे, आणू का? दाबोळी मिळालं तरी चालेल. – एक वाचक, पेडणे

उत्तर : दाबोळी आधी डोक्यातून काढा. तो नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. टॉवरमध्ये नौदलाचेच कंट्रोलर असतात. विमानतळ प्राधिकरणाकडे प्रवाशांची बाजू. मोपा जानेवारी २०२३ पासून सुरू आहे, चालवते खासगी कंपनी, पण टॉवरमध्ये माणसं प्राधिकरणाची. म्हणजे गोव्यात विमानतळ दोन, पण तुमच्या लेकीसाठी दार एकच.

पत्राबद्दल सांगते. मीही कंट्रोलर होते, नोकरीत तीन बदल्या पाहिल्या. पत्राने ऑर्डर निघेलही, पण रिलीव्ह कोण करणार? माझी दुसरी ऑर्डर साहेबांच्या खणात अकरा महिने पडून होती, कारण मी गेले असते तर रात्रीच्या वॉचला (पाळीला) एक खुर्ची रिकामी राहिली असती. त्या साहेबांचा राग मला आज येत नाही. तेव्हा मात्र यायचा.

बाहेरच्यांना कळत नाही ते हे, की कंट्रोलरचं रेटिंग, म्हणजे ते काम करायची परवानगी, तिच्यासोबत बॅगेत येत नाही. ते त्या जागेचं असतं. नव्या ठिकाणी पुन्हा प्रशिक्षकाच्या शेजारी बसायचं: आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे टॉवरसाठी किमान ९० तास किंवा एक महिना, एरिया किंवा अ‍ॅप्रोचसाठी (विमानतळाच्या आसपास येणारी-जाणारी विमानं) १८० तास किंवा तीन महिने, यात जे जास्त असेल ते. मग परीक्षा. शिवाय मागे सोडलेलं रेटिंग फार तर सहा महिने जिवंत राहतं. तुमच्या लेकीने एरियाचं रेटिंग मेहनतीने मिळवलं असेल. मोपाच्या टॉवरमध्ये ते जाईल. हे तिला मान्य आहे का, हे तुम्ही नाही, तिने ठरवायचं.

मी तिसऱ्या स्टेशनवर गेले तेव्हा पहिल्या आठवड्यात माईकवर जुन्याच स्टेशनचं नाव घेतलं. वैमानिकाने नम्रपणे विचारलं, "मॅडम, आम्ही नक्की कुठे येतोय?" प्रशिक्षकाने तेव्हापासून रोज सकाळी कोऱ्या कागदावर नकाशा काढायला लावला. हात नव्या जागेला सरावायला दीड महिना गेला. तोवर मी दोन्हीकडे निरुपयोगी होते.

दुखणं इथेच आहे. बदली म्हणजे एका स्टेशनचा माणूस कमी आणि दुसऱ्याला अजून न मिळालेला. म्हणून 'माणूस मिळाला की सोडतो' याऐवजी नवा माणूस आधी यावा, त्याची परीक्षा होईपर्यंत जुन्याने थांबावं आणि तारीख दोघांना सहा महिने आधी कळावी. कोणाचा क्रमांक कितवा, हे सगळ्यांना दिसेल अशी यादी हवी. अमेरिकेत कुठल्या केंद्रात गरजेच्या मानाने किती माणसं आहेत याची क्रमवारी लावतात आणि प्रशासन व कंट्रोलरांची संघटना एकत्र बसून अर्ज पाहतात. माणसांचा तुटवडा तिथेही आहे, लोक अडकतातही, पण आपण का अडकलो ते त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडे ते कँटीनमध्ये कळतं.

तोवर तिने काय करावं? मोपाहून पूर्वेकडे जायची इच्छा असलेला कोणी आहे का, याची बॅचच्या ग्रुपवर चौकशी करावी. आपसी बदलीत निदान दोन्ही खुर्च्या मोकळ्या पडत नाहीत, साहेबांना सही करायला हरकत कमी वाटते. अर्जात हुबळी, कोल्हापूरही लिहावं. आणि 'माणूस मिळाला की' हे उत्तर तोंडी न घेता लेखी मागावं.

चवथीला ती घरी असेल असं गृहीत धरून माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायची माणसं मात्र मोजू नका. मोपा मिळालं तरी त्या दिवशी टॉवरमध्ये कोणीतरी बसायचं असतंच, आणि नव्याने आलेल्याचा नंबर आधी लागतो.