‘मित्र सोडायला सांगा ना, मॅडम’

अकरावीचे प्रवेश आटोपले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे ही विनंती हमखास येते. “मुलगा चांगलाय हो आमचा, संगत वाईट आहे. तुम्ही सांगितलं तर ऐकेल.” गेल्या पावसाळ्यात तीन आयांनी जवळपास याच शब्दांत सांगितलं. त्यांतल्या एकीचा मुलगा सोहम. नाव अर्थात बदललंय.

सोहम स्वतः काही घेत नव्हता. त्याचा बालवाडीपासूनचा मित्र मात्र क्लास बुडवून टेकडीवर बिअर प्यायला लागला होता, अधूनमधून गांजाही. सोहमनं सगळं करून पाहिलं होतं. काळ्या फुप्फुसांचे व्हिडिओ पाठवले, शपथ घातली, आठवडाभर अबोला धरला. मित्र हसायचा, “आले कीर्तनकार!”

“त्यानं माझं ऐकलंच पाहिजे,” सोहम म्हणाला. “नाहीतर मी कसला मित्र?”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा, ‘असं झालंच पाहिजे’ हा हट्ट सोडण्याचा विचार मी कि. मो. फडके यांच्या मराठीतून शिकले, त्यामुळे माझा कान ‘च’वर असतो. पुष्कळसं दुःख त्या एका अक्षरात दडलेलं असतं.

“‘च’ काढून म्हण बरं.”

“त्यानं ऐकलं तर... बरं वाटेल.”

“आणि नाही ऐकलं तर तुझ्या हातात काय उरतं?”

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. अशा वेळी मी बोलत नाही. हे शिकायला मला दहा वर्षं लागली. मग हळूच म्हणाला, “खरं सांगू? मी पण कधी सरळ ‘नको’ म्हटलेलं नाही. अ‍ॅसिडिटी आहे, असं सांगतो.”

मला इथेच गाठ सापडली. मित्राला उपदेश करणाऱ्या या मुलानं स्वतःचा नकार कधी उघड उच्चारलाच नव्हता. मग त्या घोळक्याला कळणार कसं, की न पिताही इथे बसता येतं?

आम्ही सराव केला. पन्नाशीतली मी ‘घे रे, एका घोटानं काय होतंय’ म्हणत होते आणि तो हसून लोळत होता. वाक्य ठरलं: “मला नको. आवडत नाही.” कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की समोरचा ते खोडायला बसतो.

पंधरा दिवसांनी तो आला तोच सांगत, “मॅडम, मी बोललो आणि आणखी एकानं ग्लास खाली ठेवला. म्हणाला, मला पण कडू लागते यार!” मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत हेच दिसलं होतं. सगळे एका सुरात चुकीचं उत्तर देत असताना एकानं जरी सूर मोडला, तरी गटामागे जाणं खूप कमी होतं.

मित्र त्या दिवशी प्यायलाच. पण त्या रात्री त्यानं सोहमला फोन केला आणि घरातल्या भांडणांबद्दल तासभर बोलला.

सोहमला मी आणखी एक बजावलं. मित्र शुद्धीत नसेल तर त्याला कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही, १०८ ला फोन करायचा आणि मोठ्यांना सांगायचं. ही चहाडी नव्हे. रोजचंच व्हायला लागलं तर १४४४६ ही नशामुक्ती हेल्पलाइन आहे.

“म्हणजे मैत्री तोडायची नाही?” आईनं विचारलं.

“टेकडीवर जाणं थांबवा. मित्राला घरी जेवायला बोलवा.”

“त्याला? आमच्याकडे?”

रविवारी तो आला म्हणे. फारसं बोलला नाही, दोनदा आमटी मागून घेतली.