सोपी वाट नक्की किती सोपी? पायी भटकणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही वाटाड्यासोबतच्या एक दिवसाच्या सोप्या डोंगरवाटांविषयी प्रश्न मागवले होते. मी माणसांना घेऊन डोंगरातल्या गावांमधून चालते, हेच माझं काम. त्यामुळे उत्तरं लिहिताना समोर तुमची पत्रं होती आणि डोळ्यांपुढे माझ्या गटातली माणसं. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

ताई, माझं वय अठ्ठावन्न. रोज तासभर सपाट रस्त्यावर चालते. एका सहलीच्या माहितीत ‘सोपा ट्रेक, १२ किलोमीटर, नवख्यांसाठी योग्य’ असं लिहिलंय. उतरताना माझा उजवा गुडघा कुरकुरतो. मला जमेल का?

बहुतेक जमेल. पण त्या एका ओळीवर विसंबून पैसे भरू नका. आधी फोन करा आणि विचारा, दिवसभरात एकूण चढ किती मीटर आणि एकूण उतार किती. ‘एकूण’ हा शब्द मुद्दाम वापरा. डोंगरातल्या दोन गावांच्या मध्ये बहुधा एखादा ओढा असतो. वाट त्याच्यापर्यंत उतरते आणि पुन्हा वर येते. असे तीन ओढे ओलांडले की सुरुवात आणि शेवट एकाच उंचीवर असूनही तुमचे पाय चार-पाचशे मीटर चढलेले असतात. माहितीपत्रकात फक्त सगळ्यात उंच जागेची उंची छापलेली असते, तिचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आकडे मिळाले की हिशोब तुम्हीच करा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम मांडला, तो आजही कामाला येतो. मैल आणि फूट आपल्या मापात आणले तर तो असा: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा तुमची वाट १२ किलोमीटरची आणि चढ ४५० मीटरचा आहे. चालायला २ तास २४ मिनिटं आणि चढाची ४५ मिनिटं, म्हणजे तीन तास दहा मिनिटांच्या आसपास. हा वेळ सवयीच्या धडधाकट माणसाचा, आणि त्यात कुठे थांबणं धरलेलं नाही. मिश्र गटासाठी मी त्याची दीडपट धरते, म्हणजे पावणेपाच तास. त्यात जेवण, गावातल्या गप्पा आणि दम खाणं यांचा दीड तास मिळवला की सव्वासहा. सकाळी आठला निघालात तर सव्वादोनला परत. आयोजक याच वाटेला ‘तीन तास’ म्हणत असतील, तर गट पळणार आहे असं समजा आणि दुसरा आयोजक बघा.

आता गुडघा. चढताना दम लागतो, पण पायांचा कस उतारावर लागतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन तोलून धरत असतात. स्नायूंना असं काम सवयीचं नसतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. महिनाभर आधीपासून एक दिवसाआड जिने सावकाश उतरण्याचा सराव करा. असा ताण एकदा सोसला की पुढच्या खेपेला स्नायू बरेच कमी दुखतात. वाटेवर पावलं आखूड टाका, गुडघा ताठ ठेवून टाच आपटू नका, आणि हातात काठी असू द्या. दोन असल्या तर आणखी चांगलं. उतारावर काठीमुळे गुडघ्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. चढताना कोपर काटकोनात राहील इतकी काठीची उंची ठेवा, उतरताना ती थोडी वाढवा.

गुडघ्याला सूज येत असेल, तो अडकत असेल किंवा अचानक दगा देत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा. आणि वाटाड्याला पहिल्याच फोनवर गुडघ्याबद्दल सांगून ठेवा. वाट अर्ध्यात सोडून गाडीरस्त्याला लागता येईल अशी जागा कुठे आहे, हे त्याला माहीत असतं. सांगितलंत तर त्या जागेपाशी तो आपणहून तुमची चौकशी करेल.

फोनमध्ये नकाशा आहे, वाट दिसते. मग वाटाड्याला पैसे का द्यायचे?

नकाशा जरूर घ्या, आणि तो आधीच उतरवून ठेवा, कारण दरीत रेंज जाते. तुम्ही कुठे आहात हे तो अचूक सांगतो. परवाच्या पावसात वाटेचा कुठला तुकडा घसरला, ओढ्याला आज पाणी किती, कुठल्या रानात या आठवड्यात मधमाश्या उठल्या आहेत, हे त्यात नसतं.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावांतून जाणारी वाट सहलीसाठी कुणी आखलेली नसते. पाण्याला, चाऱ्याला, शाळेला, बाजाराला जाणाऱ्या पायांनी ती पडलेली असते. डोक्यावर किंवा पाठीवर ओझं घेतलेला माणूस सरळ चढत नाही, वळणं घेत जातो. म्हणूनच जुन्या गाववाटा चालायला इतक्या सुखाच्या असतात. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांच्या रोजच्या रस्त्यावरून आणि पुष्कळदा त्यांच्या अंगणातून चालत असता. मी ज्यांच्यासोबत काम करते ते वाटाडे गावाच्या तोंडाशी पोचले की गटाला थांबवतात आणि आधी एकटे पुढे जाऊन येतात. एकदा असंच एकजण परत आला आणि हळू आवाजात म्हणाला, वरच्या घरात माणूस गेलंय, आपण खालच्या वाटेनं जाऊ. आम्ही वळसा घेतला, अर्धा तास जास्त लागला, कुणी तक्रार केली नाही. असं काम नकाशा करत नाही.

तेव्हा वाटाडा निवडताना चार गोष्टी विचारा. तो त्याच भागात राहतो का? गटात जास्तीत जास्त किती जण? शेवटच्या माणसाच्या मागे कोण चालतं? आणि तुम्ही दिलेल्या पैशांतले गावात किती उतरतात? शेवटच्या प्रश्नाला जो अडखळत नाही, त्याच्याबरोबर मी डोळे मिटून जाते.

गावातल्या मुलांसाठी आम्ही गोळ्या, पेनं नेली होती. गाइडने वाटू दिली नाहीत. आमचं काय चुकलं? आणि फोटो काढावेत की नाही?

तुमचा हेतू चांगला होता आणि त्याचं अडवणंही बरोबर होतं. एका गटाने दिलं की पुढच्या गटाकडे मुलं मागतात. काही महिन्यांत सुट्टीच्या दिवशी वाटेच्या कडेला मुलं हात पुढे करून उभी राहायला लागतात, आणि मग शाळेच्या दिवशीही. हे आईबापांना आवडत नाही, पण पाहुण्यांसमोर ते बोलत नाहीत. गोळ्यांनी दात किडतात, आणि दाताचा डॉक्टर तिथून फार लांब असतो. काही द्यायचंच असेल तर वाटाड्यामार्फत शाळेला विचारा, काय हवं आहे ते शिक्षकांनाच सांगू द्या, आणि ते त्यांच्या हाती द्या. बाकी, गावात पैसा खर्च करण्याचा सरळ मार्ग आहे: तिथल्या घरात सांगून ठेवलेलं जेवण जेवा, तिथे बनलेली वस्तू घ्या आणि सांगितलेली किंमत द्या.

मुलांना देण्यासारखं तुमच्याजवळ दुसरं पुष्कळ असतं. माझ्या गटात एक निवृत्त चित्रकला शिक्षिका येतात. त्या ओट्यावर बसून वही उघडतात आणि समोरचं झाड काढायला लागतात. पाच मिनिटांत मुलं जमतात आणि फांदी कुठे चुकली ते त्यांना सांगायला लागतात.

फोटोचं म्हणाल तर कॅमेरा आधी खाली असावा, बोलणं आधी व्हावं. भाषा येत नसली तरी कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारता येतं, आणि नकार चेहऱ्यावर लगेच कळतो. काढलात तर दाखवा. पाठवतो म्हणालात तर खरोखर पाठवा, कारण तिथे त्याची वाट पाहिली जाते. पाणवठ्यावर अंघोळ करणारी, बाळाला पाजणारी, पूजा-प्रार्थना करणारी माणसं, आणि घराचा आतला भाग यांचे फोटो नकोतच.

याच विषयातल्या काही बारीक गोष्टी एकदम सांगून टाकते. अंगणात धान्य वाळत असेल तर कडेने जा. शेताच्या बांधावर एकामागे एक चाला, दोघांनी शेजारी चाललात की बांध ढासळतो. फाटक उघडं दिसलं तर उघडंच ठेवा, बंद असेल तर आत गेल्यावर बंद करा, गुरांचा हिशोब त्यावर असतो. वळणं तोडून सरळ खाली उतरू नका. तिथून पावसाचं पाणी वाट धरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत तिची घळ होते. समोरून ओझ्याची जनावरं आली तर नेहमी डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. पाठीवरचं ओझं बाजूला किती आलंय हे जनावराला कळत नाही, आणि त्याचा एक धक्का पुरतो.

बायकांच्या सोयीचं कसं? विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नका, हा प्रश्न मला प्रत्येक गटात कुणीतरी कोपऱ्यात घेऊन विचारतंच. खरं तर आयोजकाने हे आपणहून सांगायला हवं. आदल्या दिवशी विचारा की वाटेत कुठल्या घरी किंवा शाळेत सोय होईल आणि किती तासांनी. दोन जागांमधलं अंतर तीन तासांपेक्षा जास्त नसलं तर दिवस निभावतो. ‘जायला लागेल’ म्हणून पाणी कमी पिऊ नका, त्याने डोकं दुखतं आणि पाय पेटके धरतात. उघड्यावर जावं लागलंच तर ओढ्या-विहिरीपासून आणि वाटेपासून निदान ६० मीटर लांब जा. शौचासाठी वीतभर खोल खड्डा खणा आणि बुजवा. वापरलेले पॅड आणि ओले कागद मात्र पुरू नका, जनावरं उकरून काढतात. जाड, बंद होणाऱ्या पिशवीत घालून परत आणा. माझ्या पाठपिशवीत अशा पिशव्या जास्तीच्या असतात, आणि त्या कुठे ठेवल्यात हे निघतानाच सगळ्यांना सांगते.

बूट नवे घेऊ का?

सोप्या वाटेला चांगली पकड असलेले जुने बूट नव्यापेक्षा बरे. घेतलेच तर आधी महिनाभर रोज घाला, आणि खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. नखं कापा, नाहीतर उतारावर अंगठा पुढे आपटून काळा पडतो. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतो. कुठे चुरचुरलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणालात की फोड आलाच.

आम्ही तरुण आहोत, पण मागच्यांसाठी सारखं थांबावं लागतं. कंटाळा येतो.

तुम्ही पुढे जाऊन थांबता, मागचे पोचतात, आणि ते पोचताच तुम्ही उठता. तुम्हाला विश्रांती मिळाली, ज्यांना तिची गरज होती त्यांना नाही. म्हणून सगळ्यात हळू चालणाऱ्याला मी वाटाड्याच्या लगेच मागे ठेवते. गटाची चाल मग आपोआप ठरते आणि थांबे कमी होतात, त्यामुळे एकूण वेळ वाढत नाही. चढावर बोलता बोलता चालता येईल इतकीच गती धरायची. पायांत जोर जास्त असेल तर कुणाचं तरी पाणी उचला, किंवा शेवटच्या माणसासोबत राहण्याचं काम मागून घ्या. ते जबाबदारीचं काम आहे, मी ते वाटेल त्याला देत नाही.

ढग गडगडायला लागले तर?

वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो. तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच धारेवरून आणि उघड्या माळावरून खाली उतरा, एकट्या झाडाखाली थांबू नका, गटाने अंतर ठेवून चाला. पक्कं घर जवळ असेल तर उत्तम. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबूनच पुढे निघा. वाटाडा परत फिरू म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत नको, पैसे भरलेत हा मुद्दा तर अजिबात काढू नका.

सात वर्षांच्या मुलीला नेऊ का?

न्या. सात-आठ किलोमीटरची, वाटेत दोन तरी गावं असलेली वाट निवडा. मुलांना शिखरापेक्षा कोंबड्या, ओढा आणि दगडांत जास्त रस असतो, तेव्हा वेळ दुप्पट धरा. तिला तिची छोटी पिशवी द्या. त्यात पाणी, खाऊ, एक गरम कपडा आणि गळ्यात अडकवायची शिट्टी. शिट्टीचा संकेत तिला घरीच शिकवा: मदत हवी असेल तर एका मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग एक मिनिट थांबायचं, मग पुन्हा सहा. मिनिटाला तीन शिट्ट्या ऐकू आल्या की कुणीतरी ऐकलंय. आणि आपण चुकलो असं वाटलं तर चालत राहायचं नाही, जवळच्या झाडापाशी थांबायचं, हे तिच्याकडून दोनदा वदवून घ्या. निघताना वाटाड्याची आणि तिची ओळख करून द्या, आणि चढावर तिला त्याच्याच मागे चालू द्या.