चौकशी कर, तगादा लावू नकोस

चिरंजीवांस,
अनेक आशीर्वाद.

आजोबांसाठी ज्येष्ठात सांगितलेली घोंगडी श्रावण सरत आला तरी आलेली नाही, विणकर फोन उचलत नाहीत, तेव्हा ऑर्डर रद्द करावी का, असे तू विचारले आहेस. हातमागाची कदर तुला आहे, ती मी शिकवत बसत नाही. माझे सांगणे एकच आहे: चौकशी कर, तगादा लावू नकोस.

चौकशी करायची ती तारखेची नव्हे, कामाची. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून साधारण दोनदाच कातरतात. ती पिंजून, चरख्यावर कातून सूत झाले की उघड्यावर ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, ताणतात आणि चिंचोके भिजवून, वाटून, शिजवलेली चिकट खळ त्या काळ्या सुतावर कुंच्याने एकसारखी ओढत नेतात. मग कडक ऊन लागते. ते मिळाले नाही तर धागे एकमेकांना चिकटतात आणि मागावर तुटत राहतात. श्रावणात कोणत्या शहाण्या माणसाने ताणा बाहेर काढावा, हे तूच सांग! शिवाय लोकरही पूर्वीसारखी सहज मिळत नाही, कारण मांसाला भाव आल्यापासून सांगली जिल्ह्यातल्या जतकडच्या माडग्याळ जातीच्या मेंढ्या पाळण्याकडे कल वाढला आहे आणि त्यांच्या अंगावर लोकर फारशी नसते.

तेव्हा विचार: लोकर मिळाली का, सूत झाले का, खळ लागली का. याचे नीट उत्तर देणाऱ्याला उशीर होत असेल, पण तो फसवत नाही. पुन्हा पुन्हा विचारूनही ज्याला यातले काहीच सांगता येत नाही, त्याच्याकडून पैसे खुशाल परत माग. भाबडेपणा कर, असे मी म्हणत नाही. पण तगादा लावू नकोस.

मी ज्या घरातून घोंगड्या घेत आलो, तिथला माग आता बंद आहे. गिऱ्हाइके दिवसातून चारदा विचारतात, मग मागावर बसायचे कधी, असे तिथले विणकर म्हणत; त्यांच्या मुलाने शेवटी कारखान्यात नोकरी धरली. आणखी चार समजूतदार माणसे त्या दारात मला नेता आली असती, ही रुखरुख जात नाही. म्हणूनच मी आजही पैसे आगाऊ देतो आणि तारीख मागत नाही. घरच्यांना हा हट्ट वाटतो. असेल, पण लोकर रोखीने घ्यावी लागते, आणि ती रोकड गिऱ्हाइकाने नाही द्यायची तर कोणी?

उद्या सकाळी, काम सुरू होण्याआधी, एकदाच फोन कर. आश्विनातल्या उन्हापर्यंत थांब. आजोबांना थंडी वाजणार ती दिवाळीनंतरच. एवढी घाई मुळात कशाची आहे?